कमोडमागचा अँगल कॉक बंद होत नाही : टाइल फोडण्यापूर्वी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील १४ वर्षे जुन्या, सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर आपली सदनिका आहे. कमोडच्या फ्लश टाकीला पाणी देणारा अँगल कॉक पूर्ण आवळला तरी टाकी हळूहळू भरतच राहते, कॉक फिरवला की मुठीखालून पाणी पाझरते, आणि भिंतीलगतच्या गोल फ्लँजखाली, म्हणजे भिंतीतले भोक झाकणाऱ्या चकतीखाली, कायम ओल दिसते. पाहायला आलेल्या प्लंबरने टाइल फोडून आतला सांधा बदलावा लागेल असे सांगितले आहे. टाइल फोडणे खरोखर आवश्यक आहे का, केवळ स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा कॉकच्या आतला दांडा, बदलून भागेल का, आणि हे काम घरच्या घरी करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

टाइल फोडण्याचा निर्णय आज घेण्याची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण तीन तक्रारी एकत्र सांगितल्या आहेत, पण त्यांपैकी पहिल्या दोन, म्हणजे कॉक पूर्ण बंद न होणे आणि मुठीखालून पाझरणे, या कॉकच्या आतल्या बिघाडाच्या आहेत आणि भिंतीशी त्यांचा काहीही संबंध नाही. तिसरी तक्रार, म्हणजे फ्लँजखालची ओल, भिंतीतली असू शकते किंवा वरून ओघळून तिथे साचलेली असू शकते, आणि हा फरक एका साध्या चाचणीने कळतो. या कामात कॉक ही कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वस्तू आहे. जपायचा असतो तो भिंतीत गाडलेला पाईप आणि त्याच्या तोंडाशी असलेला आट्यांचा सांधा. पुढील सर्व सूचना त्या सांध्याला धक्का न लावता काम कसे करावे, याच दृष्टीने दिल्या आहेत.

प्रथम पाणी नेमके कुठून येते ते पाहावे. जुन्या सुती फडक्याने कॉक, कनेक्शन पाईप आणि फ्लँज पूर्ण कोरडे करावेत, आणि मग टिश्यू पेपरचे छोटे तुकडे चार ठिकाणी एकेक करून टेकवावेत : मुठीखाली जिथे दांडा कॉकच्या अंगात शिरतो तिथे, कनेक्शन पाईपच्या नटाशी, कॉकच्या अंगावर आणि शेवटी फ्लँज थोडी पुढे ओढून भिंतीच्या तोंडाशी. डोळ्यांना न दिसणारी ओलही टिश्यू लगेच टिपतो. मुठीखालचे पाणी कॉकच्या अंगावरून मागे ओघळून फ्लँजमध्ये साचणे ही अत्यंत सामान्य गोष्ट आहे, आणि केवळ त्यामुळे भिंतीतली गळती समजून टाइल फोडल्याची उदाहरणे मी अनेक घरांत पाहिली आहेत. म्हणून तपासणी करताना मुठीखाली कोरडे फडके घट्ट गुंडाळून ठेवावे, म्हणजे तिथले पाणी मागे जाणार नाही, आणि तासाभराने फ्लँजमागे पुन्हा टिश्यू लावून पाहावा. तो कोरडा राहिला तर भिंतीबद्दलची शंका बऱ्याच अंशी दूर होते.

यातील घाई कशाची करायची हेही समजून घ्यावे. कॉक पूर्ण बंद होत नाही म्हणून पाणी वाया जात नाही; टाकीतला फ्लोट आपले काम करत असेल तोवर टाकी भरल्यावर पाणी थांबतेच. धोका असा की उद्या फ्लोट बिघडला किंवा कनेक्शन पाईप फुटला, तर पाणी थांबवण्याचे जवळचे साधन आपल्याकडे नसेल. मुठीखालचा पाझर मात्र रोजचे नुकसान करतो. त्याचे मोजमाप घरी सहज होते. खाली पेला ठेवून तो किती वेळात भरतो ते पाहावे. २०० मिलिलिटरचा पेला १० मिनिटांत भरत असेल तर दिवसाला जवळपास २९ लिटर पाणी जात आहे, आणि त्यातला काही भाग फरशीच्या सांध्यांमधून खालच्या मजल्याच्या छतात मुरत असण्याची शक्यता आहे.

आता कॉकच्या रचनेकडे वळू, कारण स्पिंडल बदलून भागेल का याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. आपल्याकडील घरांत दोन प्रकारचे अँगल कॉक दिसतात. पहिल्या प्रकारात मूठ अनेक वेळा फिरवावी लागते. आत पितळी स्पिंडल असतो, त्याच्या टोकाला रबरी वायसर बसवलेला दट्ट्या असतो, आणि तो वायसर पितळी बैठकीवर दाबला गेला की पाणी थांबते. दुसऱ्या प्रकारात मूठ केवळ पाव फेरा फिरते आणि थांबते; आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात आणि त्यांतील छिद्रे जुळली की पाणी वाहते. आपण ‘पूर्ण आवळला’ असे लिहिले आहे आणि इमारतीचे वयही पाहता आपला कॉक बहुधा पहिल्या प्रकारचा असावा, परंतु मूठ फिरवून खात्री करून घ्यावी.

पहिल्या प्रकारात बिघाड होण्याची कारणे ठरलेली आहेत. हा कॉक वर्षानुवर्षे उघडाच असतो. त्या काळात रबर कडक होते, बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातील कॅल्शियमचा पांढरा थर बैठकीवर आणि स्पिंडलच्या आट्यांवर चढतो, आणि मग एखाद्या दिवशी कॉक बंद करायला गेल्यावर कडक वायसर त्या खडबडीत थरावर नीट बसत नाही. अशा वेळी माणूस साहजिकच अधिक जोर लावतो, त्याने वायसर चिरतो आणि बैठकीवर खाच पडते. मुठीखालून येणारे पाणी ही वेगळी गोष्ट आहे. दांड्याभोवती ग्लँड नावाचा एक छोटा नट असतो, त्याच्या आत पॅकिंग किंवा रबरी रिंग असते, आणि ती झिजली की कॉक फिरवताना तिथून पाणी डोकावते.

ग्लँडचा पाझर कित्येकदा पाणी बंद न करताही थांबतो. मुठीवरची टोपी नखाने किंवा पातळ पेचकसने काढावी, आतला स्क्रू सोडवून मूठ बाजूला करावी, एका पान्याने कॉकचे अंग घट्ट धरावे आणि दुसऱ्याने ग्लँड नट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जेमतेम अष्टमांश फेरा आवळावा. पाझर थांबला तर तेवढ्यावरच थांबावे. ग्लँड जास्त आवळला तर दांडा अडकतो आणि मूठ फिरवणे कठीण होते. कॉकचे अंग दुसऱ्या पान्याने धरणे ही अट मात्र कोणत्याही कारणाने सोडू नये, कारण ते धरले नाही तर आपला सगळा जोर भिंतीतल्या सांध्यावर जातो.

वायसर किंवा संपूर्ण स्पिंडल बदलायचा असेल तर पाणी मागून बंद करावेच लागते. ते केल्यावर कॉक अर्धा उघडावा, म्हणजे वायसर बैठकीपासून सुटा होतो आणि डोके खोलताना बैठक ओरखडली जात नाही. मग डोक्याचा षट्कोनी भाग पान्याने सोडवून स्पिंडल बाहेर काढावा आणि तोच नमुना दुकानात घेऊन जावा. नव्या स्पिंडलचे आटे, लांबी आणि मूठ बसते त्या टोकावरील दाते हे तिन्ही जुळले पाहिजेत, आणि केवळ ‘अर्धा इंची स्पिंडल’ म्हणून मागितलेली वस्तू हमखास बसेल असे नाही. स्पिंडल काढल्यावर टॉर्चच्या उजेडात आतली बैठक पाहावी आणि करंगळी पोहोचत असेल तर तिच्या कडेवरून फिरवावी. कड गुळगुळीत असेल तर नवा वायसर बसवून हा कॉक पुढे चांगला चालेल. खाच किंवा खड्डे लागत असतील तर वायसर बदलणे व्यर्थ आहे. आपल्या बाबतीत कॉक १४ वर्षांचा असेल आणि दोन्ही बिघाड एकाच वेळी आले असतील, तर माझा कल संपूर्ण कॉक बदलण्याकडे आहे, मात्र तो भिंतीतून सहज निघत असेल तरच. न निघाल्यास स्पिंडल बदलून जुन्या अंगावर आणखी काही वर्षे काढणे हा भिंतीच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

पाणी बंद करणे हा या कामाचा निम्मा भाग आहे आणि लोक त्याचाच विचार सर्वांत कमी करतात. स्नानगृहात दारामागे किंवा शॉवरच्या वर भिंतीत बसवलेला कन्सील्ड कॉक असतो. तो वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे स्वतःच अडकलेला असण्याची शक्यता गृहीत धरावी आणि कामाच्या आदल्या दिवशीच तो बंद होतो का ते पाहून ठेवावे. तो चालत नसेल तर शाफ्टमधील, म्हणजे पाईप ज्यातून वरखाली जातात त्या उभ्या पोकळीतील, आपल्या सदनिकेचा व्हॉल्व्ह, आणि तोही नसेल तर गच्चीवरच्या टाकीतून उतरणाऱ्या त्या उभ्या पाईपचा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. बऱ्याच इमारतींत एकाच उभ्या पाईपवर एका रांगेतील सर्व मजल्यांची शौचालये असतात, म्हणून शेवटच्या पर्यायात सोसायटीच्या सचिवांना आणि वरखालच्या शेजाऱ्यांना आधी सांगणे आवश्यक आहे. गच्चीचा व्हॉल्व्ह बंद केल्यानंतरही आपल्या मजल्याच्या वरच्या पाईपमधील पाणी आपल्याच उघड्या तोंडातून येणार, हे लक्षात ठेवावे. एक इंची पाईपच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण अर्धा लिटर पाणी असते. आपल्या वर १२ ते १५ मीटर पाईप असेल तर सहा-सात लिटर पाणी येईल, म्हणून खालच्या मजल्यावरचा एखादा नळ उघडून पाईप आधीच रिकामा करून घ्यावा, किंवा निदान बादली आणि फडकी हाताशी ठेवावीत. काम सुरू करण्यापूर्वी गीझरचे बटण बंद करावे, कारण थंड पाण्याची वाट बंद असताना गीझरमधील पातळी उतरली तर त्याची कॉइल कोरडी तापण्याचा धोका असतो. पाणी बंद झाले याची खात्री त्याच पाईपवरील सर्वांत खालचा नळ, सहसा कमोडशेजारचा हेल्थ फॉसेट, पूर्ण उघडून करावी. धार थांबून थेंबही थांबले की मगच पाना हातात घ्यावा.

यानंतर फ्लश करून टाकी रिकामी करावी आणि कनेक्शन पाईप सोडवावा. टाकीच्या बाजूचा नट सोडवताना टाकीच्या आतील प्लॅस्टिकचा फिलर, म्हणजे टाकीत पाणी सोडणारा भाग, हाताने धरून ठेवावा, नाहीतर तो आतल्या आत फिरतो आणि त्याचे वायसर सरकून टाकीच्या तळाशी नवीन गळती सुरू होते. जुना कनेक्शन पाईप पुन्हा वापरू नये असा माझा आग्रह आहे. त्याच्या आतली रबरी नळी आणि दोन्ही टोकांचे वायसर कॉकइतकेच जुने असतात. १८ किंवा २४ इंची पाईप मिळतात. तो ताणलेला राहू नये आणि त्याला तीव्र मुरडही पडू नये, इतक्या लांबीचा निवडावा.

कॉक भिंतीतून काढण्यापूर्वी आतला पाईप कशाचा आहे हे जाणून घेणे अत्यावश्यक आहे, कारण तो दोन प्रकारचा असतो आणि त्या दोन्हींची वागणूक एकमेकांच्या विरुद्ध असते. १४ वर्षांच्या इमारतीत तो बहुधा सीपीव्हीसीचा, म्हणजे फिकट पिवळसर रंगाच्या प्लॅस्टिकचा असेल, आणि त्याच्या तोंडाशी पितळी आटे बसवलेला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड, असेल. जुन्या इमारतींत तो जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा असतो. शाफ्टमध्ये डोकावून पाहिले किंवा सोसायटीत विचारले तर ही माहिती मिळते. सीपीव्हीसीत पितळी भाग प्लॅस्टिकमध्ये धरलेला असतो, म्हणून जास्त पीळ दिला तर तो आतल्या आत फिरतो किंवा एल्बोला तडा जातो, आणि मग खरोखरच टाइल फोडावी लागते. जीआयमध्ये अंग मजबूत असते, पण आटे गंजून एकमेकांत अडकतात आणि जोर लावल्यावर निपल, म्हणजे आटे असलेला पाईपचा छोटा तुकडा, भिंतीतच तुटतो.

दोन्हींत कॉक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच सुटतो. जीआय असेल तर सांध्यावर गंज सोडवणारे तेल मारून काही तास थांबावे, हातोडीच्या दांड्याने कॉकच्या अंगावर हलक्या टिचक्या माराव्यात, आणि प्रथम किंचित आवळून मग सोडवण्याचा प्रयत्न करावा. त्या छोट्या हालचालीने गंजाची पकड सुटते. सीपीव्हीसी असेल तर यापैकी काहीही करू नये. पेट्रोलियमयुक्त तेलांनी सीपीव्हीसीला सूक्ष्म तडे जाऊ शकतात, आणि आधी आवळण्याने पितळी भागावर नको तो ताण येतो. तिथे केवळ स्थिर, हळूहळू वाढवलेला जोर लावावा, झटका देऊ नये. कॉक आणि भिंत यांच्यामध्ये एक्स्टेन्शन निपल असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरून फक्त कॉक सोडवावा. पाना लावल्यावर कॉकबरोबर भिंतीचा सिमेंटही हलतो आहे, किंवा फिरताना आटे सुटल्याची भावना न येता सगळेच मऊपणे वळते आहे असे वाटले, तर त्याच क्षणी हात थांबवावा. ही खूण ओळखणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे, आणि तिथे थांबलेले काम नंतर सुधारता येते.

कॉक निघाला की टाइलच्या प्रश्नाचे निश्चित उत्तर देणारी चाचणी करावी. हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची एंड प्लग मिळतो, ज्याला प्लंबर डमी म्हणतात. भिंतीच्या तोंडातील आटे जुन्या टूथब्रशने स्वच्छ करून जुन्या टेपचे सर्व तुकडे काढावेत, डमीवर टेफलॉन टेप गुंडाळून तो बसवावा, फ्लँज न लावता तोंडाभोवतीची जागा पूर्ण कोरडी करावी आणि मागचे पाणी सुरू करावे. रात्रभर तसेच ठेवावे. पाणी वापर थांबलेला असताना पाईपमध्ये पूर्ण दाब असतो, त्यामुळे सकाळी दिसणारा निकाल विश्वासार्ह असतो. गच्चीवरील टाकीच्या प्रत्येक १० मीटर उंचीमागे प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १ किलो दाब येतो, म्हणजे आपल्याकडे तो सव्वा ते दीड किलो असेल. भिंतीतल्या सांध्याला खरोखर तडा असेल तर एवढ्या दाबाखाली एका रात्रीत ओल दिसायला हवी. सकाळी डमीभोवती टिश्यू कोरडा राहिला तर तोंडाशी गळती नाही आणि टाइल फोडण्याचे कारण उरत नाही. डमीच्या आट्यांमधून थेंब येत असेल तर टेप पुन्हा गुंडाळून एकदा पाहावे. आटे कोरडे असून पाणी पाईपच्या बाहेरच्या बाजूने, सिमेंटमधून येत असेल, तर मात्र आपल्या प्लंबरचे म्हणणे बरोबर ठरते. या चाचणीचा आणखी एक लाभ असा की डमी बसवलेली असताना घरातले बाकीचे पाणी सुरू राहते, आणि कॉक घाईने न घेता दोन-तीन दुकाने पाहून निवडता येतो. कमोडला तोवर बादलीने पाणी घालावे. अर्धा इंची डमी आणि टेफलॉन टेप प्रत्येक घरात कायम ठेवावी असे मी सर्वांना सांगतो.

नवा कॉक घेताना जुना बरोबर न्यावा. आपल्याकडचे जवळपास सर्व अँगल कॉक अर्धा इंची, म्हणजे १५ मिलिमीटर मापाचे आणि बीएसपी (ब्रिटिश स्टँडर्ड पाईप) आट्यांचे असतात, त्यामुळे मापाचा गोंधळ सहसा होत नाही. गोंधळ होतो तो लांबीत. टाइलच्या पृष्ठभागापासून आटे किती आत सुरू होतात ते पट्टीने मोजून लिहून घ्यावे. ते खूप आत असतील तर कॉकचे दोन-तीनच आटे पकडतात, आणि अशा सांध्यावर कितीही टेप गुंडाळली तरी तो टिकत नाही. त्यासाठी योग्य लांबीचा पितळी एक्स्टेन्शन निपल घ्यावा. कॉकचे अंग पितळी असावे. जस्ताच्या मिश्रधातूचे स्वस्त कॉक वरून तसेच चकाकतात, पण हातात हलके लागतात, आणि काही वर्षांनी त्यांचे आटे ठिसूळ होऊन भिंतीतच तुटतात. आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा मानक क्रमांक पाहावा. पितळी नळ आणि स्टॉप कॉक यांच्यासाठी आयएस ८९३१ हे भारतीय मानक आहे.

पाव फेऱ्याचा घ्यावा की अनेक फेऱ्यांचा, हे पाण्यावर ठरवावे. पाव फेऱ्याचा कॉक लवकर बंद होतो, वयस्कर माणसांना सोपा जातो आणि त्यात आवळून खराब करण्याजोगे काही नसते. पण टाकीत गाळ येत असेल, पावसाळ्यात पाणी गढूळ होत असेल, तर वाळूचा एखादा कण सिरॅमिक चकत्यांमध्ये अडकून ओरखडा पाडतो आणि तो ओरखडा दुरुस्त होत नाही, चकत्या असलेले पूर्ण कार्ट्रिज बदलावे लागते. अशा इमारतीत तोंडाशी जाळी असलेला कॉक घ्यावा, किंवा साधा वायसरचा घ्यावा. एकाच कॉकमधून फ्लश आणि हेल्थ फॉसेट दोन्ही चालवणारे जे टू-वे कॉक मिळतात, त्यांत दोन्ही वाटांना स्वतंत्र मुठी असलेलाच निवडावा, नाहीतर फॉसेटची नळी फुटल्यावर फ्लशचे पाणीही बंद ठेवावे लागते.

बसवताना फ्लँज आधी कॉकवर चढवावी. ती विसरली की सगळे पुन्हा खोलावे लागते. टेफलॉन टेप आट्यांच्या तोंडाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, किंचित ताणून गुंडाळावी, म्हणजे कॉक फिरवताना ती उलगडत नाही. पहिला आटा मोकळा ठेवावा, जेणेकरून टेपचे तुकडे पाण्यात जाणार नाहीत. बाजारात मिळणारी पातळ टेप १० ते १५ वेढे लागते. आत ढिले आटे असतील तर आणखी थोडी. जीआयच्या सांध्यांना पूर्वापार लावला जाणारा सफेदा (पांढरा तेलकट लेप) आणि धागा सीपीव्हीसीच्या आट्यांना लावू नये. त्यातील तेल प्लॅस्टिकला बाधते आणि धाग्याच्या जाडीने पितळी भागावर बाहेरच्या दिशेने ताण येतो.

कॉक प्रथम हाताने तीन-चार फेरे सरळ बसला पाहिजे. तो तिरका जात असेल तर काढून पुन्हा लावावा, पाना लावून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. मग त्याच्या अंगावर फडके गुंडाळून पान्याने सावकाश आवळावे आणि तोंड टाकीच्या दिशेला वर आले की थांबावे. इथे एक नियम काटेकोरपणे पाळावा : आवळलेला कॉक दिशा जुळवण्यासाठी मागे फिरवू नये. मागे फिरवल्यावर टेपची बैठक सुटते आणि तिथून पुढे गळती निश्चित असते. तोंड जरा पुढे निघून गेले तर कॉक पूर्ण काढून, टेप बदलून, एक-दोन वेढे कमीअधिक करून पुन्हा बसवावा. सीपीव्हीसीत ‘आणखी थोडा घट्ट’ हा मोह विशेष टाळावा, कारण सांधा टेपने पाणी धरतो, जोराने नाही.

कनेक्शन पाईप लगेच जोडू नये. कॉकच्या तोंडाखाली बादली धरून पाणी सुरू करावे आणि अर्धी बादली वाहू द्यावी. काम करताना सुटलेला गंज, टेपचे कण आणि चुन्याचे खपले त्यात निघून जातात, नाहीतर ते थेट टाकीच्या फिलरमध्ये अडकतात आणि दुसऱ्याच दिवशी टाकी वाहू लागते. नंतर पाईप जोडावा. त्याच्या नटात रबरी वायसर असतो आणि पाणी तोच धरतो, म्हणून त्या आट्यांवर टेप गुंडाळण्याचे काहीच कारण नाही. उलट जाड टेपमुळे वायसर पूर्ण दाबला जात नाही. दोन्ही नट हाताने घट्ट करून कॉकच्या बाजूचा पान्याने पाव फेरा आवळावा, टाकीच्या बाजूच्या प्लॅस्टिकवर मात्र हातच पुरेसा असतो. पाणी सुरू करून अर्ध्या तासाने, रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी उठल्यावर अशा तीन वेळा टिश्यू लावून पाहावे, आणि मगच फ्लँज भिंतीला टेकवावी.

नव्या कॉकचे आयुष्य ठरवणाऱ्या दोन सवयी सांगतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा, म्हणजे थर साचून तो अडकत नाही. अनेक फेऱ्यांचा असेल तर पूर्ण उघडल्यावर पाव फेरा मागे घ्यावा. दुसरी सवय अधिक महत्त्वाची आहे. कमोड धुण्यासाठी आपल्याकडे जे ॲसिड आणि ॲसिडयुक्त क्लीनर वापरतात, त्यांचे शिंतोडे आणि वाफ कॉकच्या क्रोमवर आणि कनेक्शन पाईपच्या स्टीलच्या जाळीवर बसते. हायड्रोक्लोरिक ॲसिडमुळे ही जाळी तारेतारेने तुटते, आणि आतली रबरी नळी उघडी पडून एखाद्या रात्री फुटते. कमोड साफ केल्यावर कॉक आणि पाईप साध्या पाण्याने धुऊन पुसावेत, आणि जाळीवर तपकिरी डाग किंवा सुटलेली तार दिसली की वाट न पाहता पाईप बदलावा.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ग्लँड आवळणे, स्पिंडल बदलणे, कनेक्शन पाईप बदलणे आणि डमीची चाचणी ही कामे स्क्रू पाना, पक्कड आणि पेचकस व्यवस्थित हाताळू शकणाऱ्या कोणालाही घरी करता येतात. कॉक भिंतीतून काढणे मात्र दोन परिस्थितींत स्वतः करू नये : मागचे पाणी बंद करणारा एकही व्हॉल्व्ह नीट चालत नसेल तर, आणि पाईप जीआयचा असून सांध्यावर गंजाचे पापुद्रे दिसत असतील तर. दुसऱ्या परिस्थितीत निपल आत तुटला तर तो काढण्याचा एक्स्ट्रॅक्टर अनुभवी प्लंबरकडे असतो, आणि बहुतेक वेळा त्यानेही टाइल न फोडता काम होते. आपल्या प्लंबरलाच पुन्हा बोलवायचे असल्यास त्यांना आधी डमी बसवून रात्रभर निकाल पाहण्याची विनंती करावी, आणि भिंत फोडण्याचा विषय त्यानंतरच्या सकाळी काढावा.